मांडीवरची गिटार

नागपूर
१४ फेब्रुवारी १९५७

प्रिय दोस्त प्रेमसिंग यास,

रऊफचा सलाम आणि रामराम. मी इथे मजेत आहे. तुम्हीही सगळे तांड्यावर खुशाल असाल. हिरीवहिनींना सांग, त्यांनी बांधून दिलेल्या भाकरी आणि ठेचा बडनेऱ्यापर्यंतच पुरला. डब्यात समोर बसलेल्या म्हाताऱ्याने वास घेऊन माझ्याकडे असं काही पाहिलं की अर्धं त्याला द्यावंच लागलं. आमच्या अम्मीची तब्येत तेवढी विचारून ये. गुडघ्याला तेल लावते म्हणते आणि लावत नाही.

पत्र बघून तू चमकशील. रोज पारावर भेटणारा माणूस चार दिवस नागपूरला काय गेला आणि पत्र काय लिहायला लागला, असं म्हणशील. पण काही गोष्टी तुझ्यासमोर बसून माझ्या तोंडून निघत नाहीत. तू उठून जातोस. पत्रातून उठून जाता येत नाही, म्हणून लिहितो.

मी इथे नवा भोंगा घ्यायला आलो हे गावात सगळ्यांना माहीत आहे. निवडणुकीच्या सभा चालू आहेत, आणि आपला जुना भोंगा घशात खडा अडकल्यासारखा बोलतो. सभा घेणाऱ्या उकंडरावांनी तर येताना बजावलं होतं, नवा भोंगा आणला नाही तर आमच्या सभेला अमरावतीचा लाऊडस्पीकरवाला येईल. तेव्हा आल्या आल्या मी वाद्यांच्या आणि लाऊडस्पीकरच्या त्या मोठ्या प्रदर्शनात गेलो आणि एका कलकत्तेवाल्याच्या दुकानात भोंगा पसंत केला. काय भोंगा होता! तोंड एवढं मोठं की आपली शेळी त्यात बसून रवंथ करेल.

त्याच दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गर्दी होती. म्हटलं, बघू तरी.

एक सडपातळ बंगाली माणूस खुर्चीवर बसला होता. मांडीवर गिटार आडवी, पाटावर पोळी लाटायला घ्यावी तशी. आपल्याला गिटार म्हणजे छातीशी धरायची, सिनेमाच्या पोस्टरवर असते ती, एवढंच ठाऊक. ही तशी नव्हतीच. पोकळ पोट नाही, भोक नाही, नुसती एक भरीव फळी, वर तारा. मी मनात म्हटलं, पोटच नाही तर ही गाणार कुठून?

त्याने एक तार छेडली, प्रेमसिंग, आणि पलीकडच्या लाऊडस्पीकरच्या पेटीतून जो सूर आला तो मला नीट सांगता येणार नाही. त्याने हात बाजूला घेतला तरी तो सूर हवेत उभाच होता. अख्ख्या मांडवात उभा होता. शेंगा विकणारी बाई टोपली खाली ठेवून थांबली. एवढी वर्षं मी लोकांचे आवाज मोठे करतो आहे, पण मोठा केला की आवाज फाटतो, एवढंच मला माहीत होतं. हा मोठा होऊनही कानात कुजबुजत होता.

आता माझी फजिती ऐक. मी लाऊडस्पीकरवाला. आवाज पेटीतून येतो म्हणजे माईक कुठेतरी लपवलेला असणार. मी टेबलाखाली वाकून पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. माईक नाही. मग म्हटलं, फळीतच कुठेतरी बसवला असेल. लग्नात करतो तसा तारांजवळ तोंड नेऊन मी आपला म्हणालो, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग." पेटी गप्प. लोक मात्र पोट धरून हसले. त्या बंगाल्यालाही हसू आवरेना.

पण माणूस भला. त्याने मला जवळ बसवून घेतलं आणि हिंदीत समजावलं. तारांखाली लोहचुंबक आहे. लोखंडाची तार त्याच्यावर थरथरली की तोच थरथराट वायरीतून पेटीत जातो. माणूस ओरडला, टाळ्या पडल्या, पोरं रडली, तरी या गिटारीला काहीच कळत नाही. तिला फक्त तारेचं ऐकू येतं. मी तिथेच बसून राहिलो. माझा माईक तर सगळ्या गावाचं ऐकतो, मागच्या रांगेतलं खोकलणंसुद्धा.

मग त्याने एक चीज वाजवली आणि मला अब्बा आठवले.

बघ, अब्बांचं नाव काढलं की तू उठतोस. आता बस.

अब्बांची सारंगी मला कधीच आली नाही. मी त्यांचा मुलगा आणि माझा हात लाकडाचा. तू तांड्यावरचा पोरगा, कापसाच्या गाडीवर बसून आमच्या दाराशी यायचास, आणि वर्षभरात अब्बा उरुसात तुला शेजारी बसवायला लागले. मला तेव्हा राग यायचा, खरं सांगतो. पण तुझी मींड ऐकली की जायचा. एका सुरावरून दुसऱ्यावर तू जायचास तेव्हा मध्ये कुठे पाऊल टेकल्याचं कळायचं नाही. या माणसाच्या गिटारीतून तेच निघत होतं. तसंच घसरत जाणारं, तसंच रडवेलं.

म्हणून मी त्याचा डावा हात पाहायला लागलो.

आपण सगळ्यांनी ठरवल्यासारखं तुझ्यासमोर डाव्या हाताचं नाव घ्यायचं सोडलं आहे. कारंजाच्या कापसाच्या जिनात तुझी तीन बोटं गेली, त्यानंतर अब्बा गेले, आणि तू सारंगी घेऊन आमच्या घरी आलास. अम्मीला म्हणालास, "चाची, हे तुमच्यापाशीच राहू द्या. माह्या घरी उगी टांगून राह्यते." अम्मीने ती खुंटीला लावली. त्यानंतर तू तो हात उन्हाळ्यातही शेल्यात गुंडाळून ठेवतोस आणि आम्ही शेल्याकडे न बघता हवापाण्याच्या गप्पा मारतो. आम्हाला वाटतं याने तुला बरं वाटतं. मला नाही वाटत आता तसं.

त्या माणसाची बोटं तारेवर नव्हतीच, प्रेमसिंग. त्याच्या डाव्या हातात लोखंडाची एक गुळगुळीत कांडी होती, आणि ती तो तारांवरून नुसती सरकवत होता. दाबायचं नाही, सारंगीसारखं नख लावायचं नाही. सगळी मींड त्या कांडीत.

मी त्याला म्हटलं, मला एकदा करून पाहू द्या. फळी मांडीवर घेतली. डाव्या हाताची तीन बोटं आत मुडपली आणि कांडी अंगठ्यात आणि पहिल्या बोटात धरली. तो म्हणाला, असं नाही, सगळ्या बोटांनी धरा. मी म्हटलं, मला असंच पाहायचं आहे. त्याने माझ्या मुडपलेल्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसायचा थांबला. कुणासाठी, एवढंच विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावासाठी.

त्याने खिशातून रुमाल काढला, त्याची पट्टी फाडली आणि कांडी माझ्या बोटाला बांधून दिली. मग म्हणाला, आता सरकवा, घाबरू नका.

कांडी पहिल्यांदा घसरली आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज मांडवभर झाला. दुसऱ्यांदाही तेच. नंतर कधीतरी ती सरळ गेली. माझ्या लाकडाच्या हातातून, दोनच बोटांनी, अब्बांची ती मींड निघाली. पुरती नाही, थोडीशीच. पण तीच. मी तिथे लोकांसमोर रडलो. लाज वाटली नाही.

माझ्या हातातून एवढी निघते, तर तुझ्या हातातून काय निघेल? मला झोप येत नाही या विचाराने.

आता तू म्हणशील, तांड्यावर वीज कुठून आणणार. मीही तेच विचारलं. तर गिटारीची वायर आपल्या लाऊडस्पीकरच्या पेटीत, रेकॉर्डच्या बाज्याची वायर खोचतो तिथेच बसते. मोटरीच्या बॅटरीवर चालेल. दुकानातल्या तसल्याच पेटीला मी स्वतः जोडून पाहिलं. म्हणजे सगळं सामान आपल्याकडे आहेच, एक गिटार सोडून.

म्हणून मी भोंगा घेतला नाही.

लिहून टाकलं एकदाचं. पसंत केलेला भोंगा परत ठेवला आणि त्याच दुकानातून ही गिटार बांधून घेतली. पत्र लिहितो आहे तर ती शेजारी पेटीत झोपली आहे. उकंडराव तोंड सोडतील, सभा अमरावतीवाल्याकडे जातील. जाऊ देत. निवडणूक दर पाच वर्षांनी येणार. गावात तोंडाला येईल ते बोलतील, रऊफला वेड लागलं म्हणतील, तुला थोट्या हाताचा बाजेवाला म्हणतील. पण मी सांगितलं ना, या वाद्याला लोकांचं ऐकूच येत नाही. तूही नको ऐकूस.

तुला नाही जमलं तर? तर नाही. गिटार सारंगीशेजारी खुंटीला लागेल आणि मी जुन्याच भोंग्यावर खरखरत राहीन. तुला बोल लावणार नाही. पण एकदा मांडीवर घेतल्याशिवाय नाही म्हणायचं नाही, एवढं ऐक. अम्मी अजून दर शुक्रवारी सारंगी पुसते. मी एकदा विचारलं, "अम्मी, कायले पुसतं? वाजवते कोन?" तर म्हणाली, "तो येईन तवा धूळ नको."

रविवारी संध्याकाळच्या मोटरीने कामरगावच्या स्टँडवर उतरेन. पेटी लांब आहे, टपावरून एकट्याला उतरवता येणार नाही. तू ये. शेला घरी ठेव, थंडी सरलीच आहे. एक टोक मी धरीन, दुसरं तू धर, आणि सगळ्या स्टँडसमोर आपण ती घरापर्यंत नेऊ.

हिरीवहिनींना हे पत्र वाचून दाखव. तू नाही दाखवलंस तर मी आल्यावर दाखवीन.

तुझ्या डाव्या हाताची वाट पाहणारा,
रऊफ