दोन रेघांची सही

३ जून
आणि वर मलाच म्हणतात, बाईंचं लक्ष नाही! अहो, लक्ष नाही कसं? पत्र दिलं, सही केली, आता बदल्यांच्या ऑफिसातले लोक पेंगतात त्याला मी काय करू? आमच्या ड्रायव्हरची पोरगी नर्स. नोकरी सात तासांवर. इकडे आई अंथरुणाला खिळलेली. हा माणूस सकाळी बायकोला अंघोळ घालतो, वेणी घालतो, मग माझी गाडी काढतो. पोरगी इकडे आली की सुटला. बदलीच्या शिफारसपत्राला चार महिने झाले. गाडीच्या आरशात त्याचे डोळे दिसतात, म्हणून मी फोन कानाला लावून बसते. पलीकडे कोणी नसतं.

११ जून
ठरलं. उद्यापासून रोज दहा पत्रं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण सही बघावी! मामंजी पंचवीस वर्षं आमदार, त्यांच्या सहीखाली एक रेघ. यांच्याही एकच. हे गेले, सीट माझ्याकडे आली, तेव्हा मी पहिल्याच दिवशी दोन रेघा सुरू केल्या. बाईमाणूस म्हणून कोणी हलक्यात घ्यायला नको. सेक्रेटरीने चष्मा वर करून बघितलं. दिपला असेल.

१२ जून
दोन पत्रं झाली. पाय दुखत होता. सही हाताने करतात हे मला ठाऊक आहे.

२० जुलै
ड्रायव्हरने हळूच विचारलं, वहिनीसाहेब, त्या कामाचं काही...? मी म्हटलं, झालंच समजा. लगेच दुसरं पत्र लिहवलं, रेघा जाड काढल्या, त्याच्याच हातात दिलं. त्याने सहीकडे बघितलं, घडी घातली, बरं म्हणाला. धड आभारसुद्धा नाहीत! राग आला. मग त्याच्या बाहीवर औषधाचा डाग दिसला. जेवण गेलं नाही. एकदाच वाढून घेतलं.

५ सप्टेंबर
निवडणूक तोंडावर आली आणि धाकटे दीर माझ्याविरुद्ध उभे राहतायत. सांगत फिरतात, वहिनींकडे काम नेलं की ते झोपलंच. जळतात मेले. ड्रायव्हरसाठी तिसरं पत्र. रेघा पट्टीने मारल्या.

१८ सप्टेंबर, दुपार
स्वतः गेले त्या ऑफिसात. आवाज चढवला. म्हातारा कारकून उठला, कपाट उघडलं, माझी पत्रं काढली. गठ्ठाच्या गठ्ठा. म्हणाला, बाई, तुमच्या मनाविरुद्ध एक काम केलं नाही आम्ही. मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणे, मोठ्या साहेबांचा, तुमच्या सासऱ्यांचा नियम. एक रेघ म्हणजे करा. दोन रेघा म्हणजे माणूस समोर बसलाय म्हणून लिहिलं, करू नका. तुमच्या सगळ्यांवर दोन. नर्सच्या पत्रावर तर पट्टीने! आम्ही म्हटलं, बाईंचा फारच राग दिसतोय.
पाणी मागितलं. प्यायले नाही.

संध्याकाळ
सेक्रेटरीला झापलं. म्हणाला, घरचा नियम घरच्यांना मी काय शिकवणार?
मग गाडीत ड्रायव्हरला विचारलं, तुम्हाला माहीत होतं? हो म्हणाला. वीस वर्षं मोठ्या साहेबांची पत्रं मीच पोचवायचो. मग बोलला का नाहीत? म्हणाला, नाही म्हणायचा हक्क आहे तुमचा. तोंडावर नाही म्हणालात तर मला लागेल, म्हणून असं करताय, असं बायकोला सांगितलं. चांगल्या आहेत वहिनीसाहेब, असं म्हणाली ती.
आज फोन कानाला लावला नाही. आरशातही बघवलं नाही.

१९ सप्टेंबर
चौथं पत्र. एक रेघ. पट्टी घेतली नाही, रेघ वाकडी आली. कारकून म्हणाला, बाई, कालच निवडणूक जाहीर झाली, आता बदल्या बंद. निवडून या, मग बघू. येणारच आहे!

२७ ऑक्टोबर
पडले. चांगली सणसणीत. दीर निवडून आले. ड्रायव्हरला म्हटलं, आता त्यांच्याकडे जा पत्राला. म्हणाला, त्यांच्या रेघा मी अजून बघितल्या नाहीत.

३ नोव्हेंबर
माजी आमदाराच्या पत्राला त्या ऑफिसात किंमत नाही. साधा अर्ज भरा म्हणाले. भरला. रांगेत दोन तास उभी, पुढे सतरा माणसं. त्यातल्या तिघांची पत्रं माझ्या गठ्ठ्यातली. तिघांनीही नमस्कार केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अर्जात विचारलंय, नर्सशी तुमचं नातं काय. लिहिलं, तिच्या बापाच्या गाडीत मागे बसते. सही केली. खाली रेघच मारली नाही.
कारकून म्हणाला, कळवू. मी म्हटलं, कळवू म्हणजे काय ते मला शिकवू नका, पाच वर्षं मीच म्हणत होते. शुक्रवारी अकरा वाजता याच बाकावर येऊन बसते. हो की नाही, ते तोंडावर सांगायचं.