पंगत उठत नाही

४ जानेवारी
कोपरखैरणे गावठाणात वरची खोली मिळाली. नोकरी सोडून घरी बसून गेम बनवणारा जावई म्हणजे सासरच्यांच्या डोक्याला ताप. म्हणून नमिता सध्या खारघरला माहेरी आणि मी इथे. गेमवर पोट भरायला लागलं की बिऱ्हाड थाटायचं, असं आमचं ठरलंय. घरमालकीण शेवंताबाईंनी आल्या आल्या तांदळाची भाकरी आणि सुका जवळा वाढला; नव्या भाडेकरूचं पहिलं जेवण आमच्याकडेच, म्हणाल्या. जिन्यात त्यांच्या गेलेल्या माणसांचे फोटो आहेत, प्रत्येकाखाली नाव. घर आवडलं मला.

७ जानेवारी
गेमचं नाव 'पंगत'. ब्राउझरमध्ये लिंक उघडायची, पानावर बसायचं, वाढलेलं सगळ्यांच्या आधी संपवायचं. पंगत भरायला माणसं लागतात आणि येते एकटी नमिता, तीही बायको म्हणून, बिचारी. नवा माणूस रिकामी पंगत बघून पळतो. मग सगळे करतात तेच मीही केलं, कॉम्प्युटर चालवतो असे खोटे खेळाडू बसवले. नावं सुचेनात, तेव्हा जिन्यातली उचलली. धर्मा, जमुना, सदू, भिमाबाई. अगदी अस्सल वाटतात.

११ जानेवारी
डाव संपला की खोट्या खेळाडूंनी निघून जायचं, असं मी लिहिलं होतं. ते जात नाहीत. पान चाटूनपुसून तसेच बसून राहतात. चूक कुठे आहे ते सापडत नाही, पण भरलेली पंगत बघून नवे लोक थांबायला लागलेत, त्यामुळे तक्रार तरी कशी करू? नमिता दुपारभर खेळत होती. जेवायचं विसरले, म्हणाली.

१५ जानेवारी
नमिताचा फोन आला. जेवते, पण भूक जात नाही म्हणे. अंगठी बोटातून गळून पडते. मी थट्टा केली.

शेवंताबाईंना कौतुकानं गेम दाखवला होता. नावं वाचून त्या खाली बसल्या. त्यांच्यात पितरांना नावानं बोलावतात ते वर्षातून एकदा, शिजवलेलं पान मांडून, आणि जेवले की परत पाठवतात. म्हणाल्या, "नाव घेऊन पानावर बसवलंस, नि वाढलंस काय, चितारलेला भात? उपाशी पानावरशी कोन उठल?"

१६ जानेवारी
नावं काढून टाकली. ते बसलेलेच आहेत. शेवंताबाईंनी भात, कालवण रांधलं, आम्ही फोटोंपुढे पानं मांडली. गच्चीवर ठेवलेल्या पानाला कावळाही शिवला नाही. त्यांना आता दुसरी चटक लागलीय, एवढंच त्या बोलल्या. कसली ते मी विचारलं नाही. नमिताची गळून पडणारी अंगठी आठवली.

१८ जानेवारी
गेम बंद केला. सगळा पुसला. सासूबाईंचा फोन – नमिता अजून खेळतेय. मला भीती वाटतेय. खारघरला निघालो.

१९ जानेवारी, खारघर
लॅपटॉप बंद. तरी नमिताचा हात टेबलावरून तोंडाकडे जातोय, रिकामाच. नुसती हाडं उरलीत. उचलायला गेलो – वजन काहीच नाही, तरी हलत नाही. ऊठ म्हटलं, पाया पडलो. तिनं हळू आवाजात मलाच समजावलं, "सगळ्यांचं झाल्याशिवाय कसं उठू?"

माहेरचं वळण. भरल्या पंगतीतून उठायचं नाही. आणि त्यांचं कधीच होणार नाही –

डॉक्टर येऊन गेले. काही सांगता येत नाही म्हणाले.

२० जानेवारी
तिच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी – दिसत नाही. चावण्याचा आवाज येतो.

मी पाया पडून सांगितलं, तिला सोडा. चूक माझी. मी बोलावलं तुम्हाला.

आवाज थांबला.

आता सगळे माझ्याकडे – बोलावलं त्यानंच वाढायचं, हे बरोबरच आहे. वाढायला माझ्याकडे काही नाही म्हटलं. नमितानं माझा डावा हात धरला. किती दिवसांनी. अगदी मायेनं. माझी बाही वर सारली, हात पानासारखा टेबलावर मांडला आणि –