दोन्ही बिल्ले खिळ्यावर येईपर्यंत

मी, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली मदतनीस, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. यामागे कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणू शकेल असे आता कोणी उरलेही नाही. गेला पंधरवडा तापाने अंथरुणाला खिळले होते, म्हणून बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी बहात्तरपर्यंत आले तेव्हा त्याच म्हणाल्या, "पुरे, मावशी." तेव्हा पुढील मजकुराला कोणी म्हातारचळ म्हणू नये.

१. राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, तसेच बँकेतील शिल्लक माझ्या भाचीला मिळावी. ती माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. धाकटी नाहीशी झाली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पुढे याच घरात वाढली. न्हाणीघराचे दार फुगते. ते तासून घ्यावे, लाथ मारू नये.

२. लोखंडी कपाट माझ्या दिराला देऊ नये. त्याने ते तीनदा मागितले आहे, एकदा तर माझ्या नवऱ्याच्या तेराव्या दिवशी. रिकामे असले तरी देऊ नये.

३. दोन कोयते, फावडे, पहार व माझी करवत मंडळाला द्यावी. मंडळ म्हणजे दर रविवारी सरकारी राखीव रानातल्या पायवाटा फुकट नीट ठेवणारे आम्ही दहा-बारा जण. आडवी पडलेली झाडे कापायची, पाण्याचे चर मोकळे करायचे, लोकांनी टाकलेल्या बाटल्या पोत्यात भरून आणायच्या. पगार नाही, कौतुक नाही, गुडघे मात्र कायमचे गेले. आयुष्यातले माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच. धाकटीही यायची आणि माझ्या दुप्पट काम करायची.

४. मंडळाच्या प्रमुखांना, ज्यांना सगळे मुकादम म्हणतात, काहीही नाही. वकील म्हणतात, साक्षीदाराला काही देता येत नाही. येत असते तरी दिले नसते. धाकटी नाहीशी झाल्यावर ते भर बैठकीत म्हणाले होते, "बाई संसाराला कंटाळली असेल, गेली निघून." एकोणीस वर्षे मी त्यांच्याशी कामापुरतेच बोलले. पण खरे सांगायचे तर त्यांना ठाऊकच नव्हते. ठाऊक मला होते.

५. हे कलम भाचीने बसून वाचावे.

रानाच्या फाटकाशी खिळ्यांची एक फळी आहे. प्रत्येकाचा ॲल्युमिनियमचा नंबराचा बिल्ला. आत जाताना तो खिशात टाकायचा, बाहेर आल्यावर खिळ्याला लावायचा. सगळे बिल्ले परत आले, म्हणजे सगळी माणसे परत आली. त्या दिवशी धाकटीचा खिसा फाटला होता. "ताई, माझा पण ठेव गं तुझ्याकडे, पडेल कुठंतरी," ती म्हणाली आणि पोती व करवत घेऊन घळीच्या वाटेने उतरली. मी वरच्या वाटेने परत आले आणि सवयीने खिशातले दोन्ही बिल्ले लावून टाकले.

मुकादमांनी फळी पाहिली. "आले सगळे. घ्या बुजवायला." घळीची वाट माती धुपते म्हणून त्या दिवशी कायमची बंद करायची होती, आणि वाट बुजवण्यात माझा हात धरणारे कोणी नव्हते. फांद्या अशा रोवायच्या की तिथेच उगवल्यासारख्या दिसाव्यात. वर पालापाचोळा. मग उलटे चालत, आपलीच पावले पुसत मागे यायचे. तासाभराने वाटेचे तोंड मलाही सापडेना. धाकटी नळावर हातपाय धूत असेल असे मी धरून चालले.

बिल्ला खिळ्यावर होता, म्हणून ती फाटकाबाहेर आली असेच सगळ्यांनी मानले. शोध रस्त्यावर झाला, स्टँडवर झाला. रानात कोणी पाहिलेच नाही. माझी चूक मला दुसऱ्या सकाळी फळीसमोर उभी राहिल्यावर कळली. मी एकटी आत गेले, घसा बसेपर्यंत हाका मारल्या, परत आले आणि तोंड उघडले नाही. भीती वाटली. पुढे भीतीची सवय झाली.

६. त्यानंतर मी अधूनमधून वळसा घालून फांद्यांमागे जात राहिले. आतली वाट रानाने गिळायला हवी होती. ती गिळलेली नाही. चर मोकळे असतात. पडलेली झाडे कापलेली असतात, आणि काप डावीकडे उतरता असतो. धाकटी डावखुरी. फांद्यांच्या आतल्या बाजूला भरलेली पोती उभी असतात, तोंडाला तिची दुहेरी गाठ. अशी एकेचाळीस पोती मी बाहेर आणली. फांद्या मात्र कधी हललेल्या नसतात. ती तिथपर्यंत येते आणि तिथून मागे वळते. इतके बेमालूम काम मी केले आहे.

गेल्या महिन्यात भरदुपारी मी गाठीला हात लावला. ती ओली होती. मी हाक मारली. खाली घळीत करवत सुरू झाली.

७. येत्या रविवारी मी त्या फांद्या माझ्या हाताने काढणार आहे. जाताना तिचा आणि माझा बिल्ला घेऊन जाईन. बाळ, तुझी आई तुला टाकून गेली नाही. मी तिच्यामागे दार लावले. हे वाचूनही घर घ्यावेसे वाटले तर घे. नाही वाटले तर मला राग नाही. आईची घरातली करवत तुझ्याचकडे राहू दे, त्या दिवशी नेलेली दुसरी तिच्यापाशी आहे.

दोन्ही बिल्ले खिळ्यावर येईपर्यंत ती वाट कोणीही बुजवू नये. माझी इच्छा एवढीच.

ठिकाण: स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: बावीस, शुक्रवार
लिहून ठेवणारीची सही

साक्षीदार एक: तळमजल्यावरचा चष्मेवाला. बाईंना सही करताना पाहिले. मजकूर वाचलेला नाही.

साक्षीदार दोन: मुकादम. मी वाचला. पोत्यांचे मला माहीत होते. बाई स्वतःच भरतात असे वाटायचे, म्हणून कधी बोललो नाही. परवा फांद्यांमागे बेचाळिसावे उभे होते. बाई तेव्हा तापात होत्या. रविवारी फळीपाशी मी बसेन. दोघी येईपर्यंत उठणार नाही.