खंडेनवमीचं तेल

मामा, तुमच्या जीपच्या ब्रेकमध्ये तुमच्या धाकट्या लेकानं ट्रॅक्टरचं तेल ओतलं. सुनेनं सासऱ्याला पहिल्याच ओळीत दिराची चुगली करू नये, एवढं मला कळतं. पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुम्ही त्याचं काय करणार? शिवाय सगळं ऐकल्यावर तुम्ही त्याला शिव्या द्याल त्यापेक्षा मला शाबासकी जास्त द्याल, अशी माझी खात्री आहे.

परवापासून मला घरामागचं खळं सारखं आठवतंय. तुमच्या गुडघ्यानं दगा दिला होता आणि तळेघर ते घोडेगाव प्रवाशांची जीप आता कोण चालवणार, हा घरात प्रश्न पडला होता. थोरला, म्हणजे माझा नवरा, चाकणला कंपनीत. धाकट्याला ट्रॅक्टरशिवाय जगात दुसरं वाहन दिसत नव्हतं. एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येता आणि म्हणता, "सूनबाई, भाकरी ऱ्हाऊ दे. चल." मी डिंगोऱ्याहून आलेली, सासऱ्यापुढं मान वर न करणारी, पिठाच्या हातांनी ड्रायव्हरच्या जागेवर बसते आणि तुम्ही शेजारी. सासूबाई चुलीपुढून बघतच राहिल्या. "पदर खोच कमरंला," तुम्ही म्हणालात, "ष्टेरिंगात अडाकला तर मानमर्यादा घिऊन दरीत जाशील." तेव्हापासून घरात पदर डोक्यावर आणि गाडीत कमरेला, असा आपला कायदा झाला.

गाडी सुरू करायचं मात्र तुम्ही नाव काढत नव्हता. चप्पल बाहेर काढून नुसतं ब्रेकचं पेडल दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. कितीतरी सकाळी तेच. मी कंटाळून एकदा विचारलं, "मामा, गाडी पुढं कवा न्यायची?" तर तुम्ही असे खेकसलात की खळ्यातल्या कोंबड्या उडाल्या. "पुढं न्यायला उतार हाय की! तुजं काम काय मंग?" मी गोठ्यात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी बघते तर पेडलच्या कडेनं पाय कापायला नको म्हणून तुम्ही त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा बसवून ठेवला होता. तो झिजला, त्यावर दुसरा बसवला, आता तिसरा आहे. मी अजून अनवाणीच चालवते.

यंदा खंडेनवमीला धाकट्यानं आपला ट्रॅक्टर धुतला आणि वहिनीवर उपकार म्हणून जीपही धुतली. हार घातला, लिंबू बांधलं, बॉनेट उघडून सगळीकडे हळदकुंकू लावलं. ब्रेकच्या तेलाची डबी जरा उतरलेली दिसली, तेव्हा ट्रॅक्टरच्या डब्यातलं तेल काढून काठोकाठ भरली. मला सांगितलंसुद्धा नाही. सणासुदीला देवाच्या दिव्यात तेल घालावं तितक्याच भक्तीनं घातलं असणार.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या मुलींना घेऊन मी घोडेगावला निघाले. तालुक्याच्या कबड्डीचे सामने होते. मागं मुली आणि त्यांचे खेळाचे सर, पुढं माझ्या शेजारी तुमचे ते एक जुने दोस्त, जे तुमच्या शेजारी बसायचे आणि तुमच्यानंतर माझ्या शेजारी बसून माझ्या प्रत्येक वळणाला नाक मुरडायचे. मुलींची गाणी चाललेली. पण गाडी ओढत नव्हती. कुणी मागून पदर धरून ठेवावा तशी अडखळत होती. ब्रेक दाबला की लागत होता, छान लागत होता, पण सोडल्यावर पेडल तळपायाला लागून वर येईना. मागंच रेंगाळत होतं. पोखरीचा घाट सुरू होण्याआधी जो शेवटचा सपाटीचा तुकडा आहे, तिथं मी गाडी थांबवली. चाकाजवळ हात नेला तर आच लागली. बॉनेट उघडून डबीचं झाकण काढलं. झाकणाच्या आतलं रबर भिजत घातलेल्या वालासारखं फुगलेलं, झाकण परत बसेना. तेल बोटाला घेऊन वास घेतला, तर ट्रॅक्टरचा.

मी सगळ्यांना खाली उतरवलं.

सर बिचारे घड्याळ बघत म्हणाले, "वैनी, ब्रेक लागतोय ना? हळूहळू जाऊ की." मी दिराला फोन लावला. तो खुशीतच म्हणाला, "मीच टाकलंय वैनी. आमच्या ट्रॅक्टरचं ब्रेक त्याच तेलात बुडल्यालं असत्यात, तुमच्या जीपला काय सोनं लागतं का?" त्याला कोण समजावणार, की ट्रॅक्टरचं तेल जीपच्या ब्रेकमधली रबरं फुगवतं, आणि फुगलेली रबरं ऐन उतारावर काय करतील ते सांगता येत नाही. आणि तुमचे दोस्त रस्त्याच्या कडेला काठी आपटत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "म्हाताऱ्याच्या टायमाला ही गाडी कवा वाटंत थांबली न्हाई. बाईमाणूस, घाट बघून पाय कापला आसंल."

मामा, ते मला लागलं. तुमच्यानंतर ही जीप रस्त्यावर राहिली ती मी राखली म्हणून, तरी लोकांच्या तोंडी ती म्हाताऱ्याचीच गाडी. बाई घाटाला भ्यायली, हे एकदा स्टँडवर पसरलं असतं तर माझ्या गाडीत कुणी बसलं नसतं. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं. मी किल्ली काढली, कमरेला खोचली आणि म्हणाले, "पाय कापू द्या न्हायतर राहू द्या, गाडी खाली जाणार नाय."

दुधाचा टेम्पो आला, त्यात मुली आणि सर गेले. पहिला सामना जिंकल्या, दुसरा हरल्या. तुमचे दोस्त मात्र टेम्पोत बसले नाहीत. मी खोटी पडते का ते बघायला थांबले असणार. घोडेगावचा मेकॅनिक आला, त्यानं तीन-चारदा पेडल दाबलं आणि शेवटी ते खाली गेलं ते वर आलंच नाही. त्यानं खोलून आतलं फुगून वाकडं झालेलं रबर काढलं. म्हणाला, "वैनी, घाटात काय खरं नव्हतं." तुमच्या दोस्तांनी ते रबर तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिलं, मला परत दिलं आणि पायी घराकडं गेले.

धाकटा त्याच संध्याकाळी तिथं आला. गाडीची सगळी रबरं नवी बसेपर्यंत मेकॅनिकच्या शेजारी उकिडवा बसून राहिला, आणि उठताना म्हणाला, "वैनी, पोरी व्हत्या गाडीत." एवढंच.

जीप पुन्हा स्टँडवर लागली तेव्हा एक पाहुणे, बाई चालवणार म्हणून दारातच थबकले. पुढच्या सीटवरून तुमचे दोस्त ओरडले, "बसा ओ पावणं! लई इमानी ड्रायवर हाय. येळ पडली तर माणसं खाली उतरवायची हिला लाज न्हाई वाटत." गाडी भरली.

पत्र तुमच्या तसबिरीमागं ठेवलं असतं, पण तसबीर पुसायला दर सणाला धाकटाच काढतो, आणि त्याच्या तेलाचं वाचलं तर महिनाभर जेवायला येणार नाही. तेव्हा ते माझ्या सीटखाली राहील.

एक सांगायचं राहिलं. कुणी माझ्या गाडी चालवण्याचं कौतुक केलं की मी आजवर लगेच म्हणत आले, "आमच्या मामांनी शिकवलं." त्या दिवशी त्या पाहुण्यांनी घाट उतरल्यावर विचारलं, "बाई, कुठं शिकलात हो?" तुमचं नाव जिभेवर आलं होतं, मामा. मी ते गिळलं आणि म्हणाले, "मला येतं."