विहिरीत राहिलेलं कुत्रं

३ जानेवारी

चि. बटण यास, ताईचे अ. आ.

बोटीवरचं काम कसं चाललंय ते तू कळवायचा नाहीस, म्हणून मीच लिहिते. आईचं आता काही खरं नाही. डॉक्टरांनी महिनाभराची मुदत दिलीय. उशाशी तिच्या बटणच्या गोष्टींच्या तेराव्या पुस्तकाच्या वह्या घेऊन पडून असते. प्रत्येक पुस्तकाचा शेवट तू ओट्यावर पाय हलवत सांगायचास आणि ती तस्सा उतरवून घ्यायची. तू घर सोडलंस आणि पुस्तकातला बटण बारा वर्षं विहिरीच्या तळाशीच राहिला. तो वर कधी येणार म्हणून मुलांची पत्रं अजून येतात. आईही मला रोज तेच विचारते. ये रे. नाहीतर शेवट तरी कळव.

माया उरली असेल तर उशीर करू नकोस.

तुझी ताई

२० जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मी लहानपणी बटण गिळलं हे साऱ्या जगाला कळायची काय गरज होती? शाळेत पोरांनी मला हौदात ढकललं, तर तेही आईने पुढच्या पुस्तकात घातलं. पोरं खिदळली, हिला बक्षीस मिळालं. मी येणार नाही. शेवट तूच लिही आणि माझा म्हणून वाचून दाखव. तिला कुठे कळणार आहे!

तुझ्यावर राग नाही, तूही धरू नयेस.

तुझा भाऊ (बटण नव्हे)

९ फेब्रुवारी

चि. भावास, अ. आ.

तू म्हणालास तसं केलं. दोरी सोडली, बटणला वर काढलं, आईच्या कुशीत दिलं. मला वाटलं, छान जमलं. आई डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली की हे त्याचं नाही, ज्याच्यासाठी विहिरीत उतरला त्या लंगड्या कुत्र्याला खाली ठेवून तो वर येणारच नाही. मी कुत्र्याला साफ विसरले होते रे! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने माझा हात थोपटला आणि वह्या मिटायला सांगितल्या.

परवा सकाळी आई गेली. मला तुझा फार राग आलाय. तरी ये.

ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तोंडाने नाही म्हटलं, पण मन लागेना. लिहून घे. दोरी एकालाच पेलणारी आहे. बटण आधी कुत्र्याला बांधतो. आई ओढते, तिचे हात सोलवटतात, पण ती सोडत नाही. मग दोरी पुन्हा खाली येते. हे तिला सावकाश वाचून दाखव, कुत्र्यापाशी ती तुला थांबवेलच.

उद्याच निघतोय. शेवटचं पान कोरं ठेवायला सांग तिला, ते समोर बसून सांगेन.

दोघींचा,
बटण