अमावस्येला नवं काढत नाहीत

माघ शु. ११, शके १८५५

राजव्वाने आज पाचवीचं पंचराशिक तोंडी सोडवलं. बसते चौथीत. मी फळ्याकडून वळेपर्यंत उत्तर तयार, वर विचारते, "मास्तर, फुडचं?" अशी पोर वर्गात असली की आनंद होतो आणि काळजीही वाटते.

वडील मल्लय्या विणकर, माग घरातच. त्यांनी स्पष्ट सांगून टाकलंय, "अजून दोन वरीस शिकवा, मास्तर, मग बास. मागाच्या कांड्या कुनी भरायच्या?" म्हणजे पाचवी, सहावी, आणि मग घर. सातवीची फायनल राहिली. फायनल नाही तर मास्तरीण होणं नाही. एकच वाट. शाळा तपासणाऱ्या डेप्युटीसाहेबांनी परीक्षा घेऊन तिला एकदम सहावीत बसवायचं, म्हणजे दोन वर्षांत सातवी होईल. हेडमास्तर (हे.मा.) म्हणाले, "बघू." त्यांचं 'बघू' मला चांगलं ठाऊक आहे.

माघ व. ५

रोज शाळा सुटली की पोर कांड्यांना पळते. मोकळी फक्त अमावस्येला, त्या दिवशी माग बंद. पण त्यांच्यात अमावस्येला नवं काही काढत नाहीत! गेल्या खेपेला मी नवा पाठ उघडला, तर दोन्ही हात पाठीमागे घेऊन बसली. "आज जुनंच द्या की, मास्तर." चिडलो होतो. तोड तिनेच काढली: आदल्या दिवशी पहिलं उदाहरण मांडून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते 'चालू काम'. सौ. हसून म्हणाली, "तुमच्यापेक्षा तीच बरी मास्तरीण."

माघ व. ९

डेप्युटीसाहेब येणार! एकट्या राजव्वाची परीक्षा घ्यायला तयार. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी. घरी येऊन सहज पंचांग पाहिलं. अमावस्या.

तसाच मल्लय्यांकडे. माग थांबवून शांतपणे म्हणाले, "सायबास्नी एक दिस फुडं या म्हना की." हे.मा.ना सांगितलं तर, "साहेबांना पंचांग दाखवता?" इकडे आड... जाऊ दे.

माघ व. १४, महाशिवरात्र

सकाळी राजव्वा बापाला घेऊन दारात. "मास्तर, कागद द्या. नाव आज लिवते. म्हंजे परीक्षा आजच सुरू झाली." शाळेचा कोरा कागद होता, दिला. नाव, इयत्ता, तारीख, शिकवल्याप्रमाणे सगळं डाव्या कोपऱ्यात. मल्लय्या वाकून बघत होते. त्यांना वाचता येत नाही, तरी बघत होते. "आता झालं सुरू. उद्या पाठवतो." मला तर नाचावंसं वाटलं. सौ.ने पोरीच्या हातावर खजूर ठेवला.

माघ अमावस्या

आत्ताच शाळेतून आलो.

मी काढलेला पेपर तिने त्याच कागदावर झरझर सोडवला. साहेब खूश. मग नजर कोपऱ्यात गेली. "ही तारीख कालची कशी?" साहेब माझ्याकडे वळले. "उदाहरणं आदल्या दिवशी दिली होतीत काय?" सगळं सांगितलं. कागद, नाव, अमावस्या. साहेब ऐकत होते, पण त्यांचा विश्वास... हे.मा. खिडकीबाहेर बघत उभे.

शेवटी मीच म्हणालो, "साहेब, आत्ता दुसरं घाला. समोर सोडवेल." मोठ्या तोऱ्यात म्हणालो. साहेबांनी घातलं, सोपंच होतं. राजव्वाने माझ्याकडे पाहिलं. आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

अरे देवा! मला कसं सुचलं नाही! मीच पोरीला नवं काढायला सांगितलं.

साहेब कागद घेऊन गेले. "विचार करून कळवतो."

फाल्गुन शु. १

शाळा भरायच्या आधीच दारात उभी. कालच्या उदाहरणाचं उत्तर सांगितलं. बरोबर. "येत हुतं, मास्तर. पन नवं हुतं की." तिला वर्गात पाठवलं. दुपारी साहेबांना सविस्तर लिहिलं. चारदा फाडलं. अंधश्रद्धेला खतपाणी घालणारा मास्तर म्हणतील, म्हणोत. फसवणारा म्हणू नयेत.

फाल्गुन शु. ६

टपाल नाही. हे.मा.: "उत्तर येईपर्यंत तिला चौथीपलीकडचं काही शिकवायचं नाही. नोकरी माझीही आहे." बरोबर आहे त्यांचं. आणि चूकही.

फाल्गुन शु. ९

टपाल नाहीच. शाळा सुटल्यावर राजव्वा पाटी घेऊन थांबली. मल्लय्याही आले होते. त्यांना विचारलं, समजा मागावर ताणा लावला आणि मध्येच कुणी बंद करा म्हणालं, तर? ते म्हणाले, "लावलेला ताणा अर्ध्यात सोडत न्हाई, मास्तर. कुनी का म्हनंना."

हे.मा. घरी गेल्याची खात्री केली. तिच्या पाटीवर सहावीचं पहिलं उदाहरण मांडलं.

तिने ते वाचलं, मग विचारलं, "सायब न्हाई म्हनले तर?"

मी पाटी तिच्यापुढे सरकवली. तिने पेन्सिल उचलली.