डोळ्यातला थेंब, छातीतलं कुलूप

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काल संध्याकाळी सव्वासात वाजता माझ्या पोटच्या पोरीने माझ्या डोळ्यांत काचबिंदूचं नवं औषध घातलं. एकेकच थेंब. थोड्या वेळात मला श्वास घेता येईना. दम्याचा पंप ओढला, पुन्हा ओढला, काही उपयोग नाही. शेवटी अँब्युलन्सवाल्यांनी वेगळंच औषध देऊन वाचवलं.

आज मीनल समजावत होती. "आई, पेशीवर एक कुलूप असतं. पंपातलं औषध ते उघडतं, मग आतलं जी-प्रोटीन, म्हणजे पेशीचा निरोप्या, जागं होतं आणि श्वासनळी सैल पडते. डोळ्यातलं औषध रक्तात उतरलं आणि त्याच कुलपात अडकून बसलं."

"तू लॅबमध्ये काय करतेस म्हणालीस?"

"हेच. हव्या त्या अवयवापुरतंच चालेल असं औषध शोधतो."

"आणि घरी?"

डोळ्यांच्या जर्मन डॉक्टरांनी दम्याचं विचारलं नाही, दुभाषी म्हणून सोबत आलेल्या हिने सांगितलं नाही. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी दोघांनाही बाकावर उभं केलं असतं. पण रागावून तरी काय करू? एवढासा थेंब. बाटली फेकली, तरी डोळे मिटायची भीती वाटते.

सोमवारी ती कॉन्फरन्ससाठी बर्लिनला चालली आहे. इथे कायझर्सलाउटर्नमध्ये मी एकटी. रविवारी संध्याकाळपर्यंत मला तिच्याकडून लेखी उत्तर हवं: श्वास पुन्हा अडकला तर कोणाला फोन करायचा, आणि तोंडातून शब्द फुटत नसताना त्यांना जर्मनमध्ये काय सांगायचं.